न भिडलेला पेला

एतेल येणार हे पक्कं झाल्यापासून बालिंत बोदोरने जेवणाच्या टेबलाचा नकाशा चारदा काढून चारदा फाडला होता. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लढायांचे नकाशे काढण्यात गेलेला माणूस. १८४९ साली घोडदळ कुठे उभं होतं, तोफा कुठे होत्या आणि पावाची गाडी कुठल्या ओढ्यात रुतली, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. पण स्वतःच्या सख्ख्या बहिणीला कुठल्या खुर्चीवर बसवावं हे काही त्याला सुचेना.

"समोर बसवलं तर माझ्याकडे बघायचं नाही म्हणून मान अवघडून घेईल," तो म्हणाला. "शेजारी बसवलं तर उठून जाईल."

"त्या टोकाला ती, या टोकाला तू, मधे धाकटा गेझा," त्याची बायको मार्गित कणीक लाटता लाटता म्हणाली. "इतकी वर्षं असंच चाललंय. आजच कसली नवी व्यूहरचना?"

"आज बोरीचा साखरपुडा आहे."

"म्हणूनच म्हणते, शहाणपणा करू नकोस. गप्प बस, हसत राहा, आणि कुणी इतिहासाचं काही विचारलं तर सांग की तुला काही माहीत नाही."

बालिंतने सत्तर वर्षांत एकदाही असं सांगितलं नव्हतं. तो निमूटपणे बाहेर गेला आणि अक्रोडाखाली टेबलं जोडू लागला.

हंगेरीतल्या बालातोन तळ्याच्या उत्तरेकडच्या टेकडीवर बोदोरांचा द्राक्षमळा होता. मळ्यात बैठं घर, घरापुढे हा अक्रोड, आणि अक्रोडाखाली खुडणीच्या दिवशी सगळ्या घराचं जेवण, ही रीत बालिंतच्या आजोबांच्याही आधीची. सकाळी सगळ्यांनी कात्र्या घेऊन द्राक्षं तोडायची, दुपारी हात काळेनिळे घेऊन जेवायला बसायचं. भांडणं व्हायची ती याच टेबलावर आणि मिटायची तीही इथेच. फक्त बालिंत आणि एतेलचं तेवढं मिटायचं राहून गेलं होतं.

ते भांडण सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, कारण ते टीव्हीवर झालं होतं. १८४९चा हंगेरीचा उठाव चिरडून अरादला तेरा हंगेरियन सेनापतींना ठार मारल्यावर ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी बिअरचे पेले पेल्यांना भिडवून जल्लोष केला, म्हणून दीडशे वर्षं कुठल्याही हंगेरियन माणसाने बिअरचा पेला भिडवायचा नाही, ही शपथ तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. वाइन भिडवा, पालिंका भिडवा, डोळ्यांत डोळे घालून भिडवा, बिअर नाही. १९९९ साली ती दीडशे वर्षं पुरी झाली आणि टीव्हीवाले प्राध्यापक बोदोरांना विचारायला आले, की आता तरी भिडवायला हरकत नाही ना? बालिंत म्हणाला, हरकत कधीच नव्हती, या गोष्टीला त्या काळातला एकही पुरावा नाही. शिवाय हसत हसत आणखीही एक वाक्य बोलला, जे त्याला स्वतःला पुढे आठवलंही नाही.

गावच्या शाळेत तीस वर्षं त्या सेनापतींच्या स्मृतिदिनी, दर सहा ऑक्टोबरला, तीच गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगणारी बाई त्या वेळी टीव्हीसमोर भाजी निवडत होती. ती एतेल. त्या दिवसापासून ती भावाशी एक अक्षर बोलली नव्हती. नाताळला यायची, कुणाच्या मयताला यायची, पण मीठ हवं असलं तरी म्हणायची, "गेझा, बालिंतला सांग मीठ सरकव." आणि हातभर अंतरावरचं मीठ धाकट्या भावाच्या मध्यस्थीने सरकायचं.

पण एतेल बालिंतच्या मुलीची, बोरीची, धर्माची आई होती. बाप्तिस्म्याच्या वेळी बोरीला तिनेच हातांवर धरलं होतं, आणि बोदोरांच्या घरात धर्माच्या आईने कपाळावर क्रूस रेखल्याशिवाय नवरी उंबरठा ओलांडत नसे. एतेलचा निरोप आला होता: मुलगा बघते. पटला तर लग्नाला येईन, नाही पटला तर नाही. आणि बालिंतला सांगा, मी बोरीसाठी येतेय.

मुलगा व्हिएन्नाचा होता.

"ऑस्ट्रियाची अर्धी माणसं दात बसवायला आपल्याकडे येतात," गेझा रश्श्याच्या कढईखालची लाकडं सारत म्हणाला. "आणि आपली पोरगी तिकडून दातांचा डॉक्टर घेऊन येते. याला म्हणतात उलटा व्यापार."

"एतेलसमोर हे बोलू नकोस."

"एतेलनेच मला फोनवर ऐकवलं हे."

बालिंत मनात वर्षं मोजू लागला. ताई आता शहात्तरीची, तो सत्तरीचा. या लग्नाला ती आली नाही, तर यानंतर एकत्र बसायला दफनभूमीच उरणार होती, आणि तिथे तरी ती त्याच्याशी कशाला बोलेल?

*

एतेल आली ती काठी टेकत, डोक्याला काळा रुमाल, हातात रेतेशचं, म्हणजे चेरी भरलेल्या गोड पापुद्र्यांचं ताट. तिच्या हातच्या त्या पापुद्र्यांतून म्हणे वर्तमानपत्र वाचता यायचं. बालिंत पुढे झाला, ताट घ्यायला हात केला. तिने ताट मार्गितच्या हातात दिलं.

"पीठ या वेळी चांगलं ताणलं गेलं," ती मार्गितला म्हणाली. "तू म्हणालीस तसं कोमट पाणी घातलं."

बालिंतने बायकोकडे पाहिलं. मार्गित घाईघाईने ताटावरचा फडका नीट करू लागली.

"तुम्ही फोनवर बोलता?"

"रविवारी," मार्गित म्हणाली. "फक्त रेतेशबद्दल. आणि थोडं तुझ्याबद्दल."

याला त्याच्या धंद्यात पिछाडीवरून फितुरी म्हणत. पण त्याला आतून कुठेतरी गुदगुल्या झाल्या. म्हणजे ताई त्याच्याबद्दल विचारत होती.

तेवढ्यात गाडी वर आली आणि बोरी उतरली. बोरी पूल बांधायची, आणि तिच्या चालण्यातही एक मोजूनमापून ठेवलेला आत्मविश्वास असायचा; आज मात्र तो कुठे दिसत नव्हता. तिच्या मागून चष्मेवाला, झाडासारखा उंच वेंडेलिन उतरला. त्याने गाडीच्या मागून एक छोटं लाकडी पिंप काढलं, ते खांद्यावर घेतलं आणि तसाच बालिंतपुढे येऊन टाचा जुळवून उभा राहिला.

"प्राध्यापक महाशय," तो खणखणीत हंगेरियनमध्ये म्हणाला, "आम्ही पहाटे व्हिएन्नाहून कूच केले. सरहद्दीवर प्रतिकार झाला नाही. दुपारपूर्वी टेकडी काबीज करून आपल्या आज्ञेत हजर आहोत."

सगळे बघतच राहिले.

"बाबा," बोरी हळूच म्हणाली, "त्याला शिकवणीला वेळ नव्हता. म्हणून तुमची पुस्तकं घेऊन बसला. सगळी वाचली."

"सगळी?"

"तळटिपांसकट."

आजवर बालिंतची सगळी पुस्तकं तळटिपांसकट वाचलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. वरती दोन ओळी मजकूर आणि खाली पानभर बारीक टिपा, अशी त्याची पानं. गेझा म्हणायचा, बालिंतचं पुस्तक उलटं धरून वाचावं. सैन्याची भाकरी आणि सैन्याचे बूट हा त्याचा विषय. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या डोन नदीच्या बर्फातून पायाची तीन बोटं गमावून परतले होते आणि त्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बालिंत लिहायला लागला तेव्हा कम्युनिस्ट राजवटीत डोनबद्दल खरं लिहायची सोय नव्हती. मग तो शंभर वर्षं मागे गेला आणि १८४९च्या शिपायांचे बूट मोजत बसला. वरचे लोक म्हणाले, निरुपद्रवी माणूस आहे, बूट मोजू द्या. राजवट बदलल्यावर त्याने डोनवरचं पुस्तक छापलं, तेव्हा त्यातही पहिली शंभर पानं बुटांचीच होती. १८४९वरच्या पुस्तकात तर कोमारोमच्या किल्ल्यातल्या भटारखानेवाल्याचं नाव होतं, त्याच्या खेचराचंही होतं, दोघांनाही आपापली तळटीप होती.

वेंडेलिन आता एतेलपुढे वाकला होता.

"बाईसाहेब, आपल्या आगमनाची वार्ता आमच्या गोटात हर्षाने स्वीकारण्यात आली."

एतेलने त्याला चष्म्यावरून नखशिखांत न्याहाळलं. "गेझा," ती म्हणाली, "बालिंतला सांग, पोराला त्याने फौजेत भरती केलंय की जावई करून घेतलंय?"

"बालिंत, ताई विचारतेय—"

"ऐकलं मी," बालिंत म्हणाला. "तिला सांग, मलाही आत्ताच कळतंय."

*

जेवण सुरू झालं आणि वेंडेलिनने एकेक माणूस जिंकायला सुरुवात केली, तीही अगदी पुस्तकात दिल्याबरहुकूम. सुपाच्या दुसऱ्या वाटीला तो म्हणाला, "हे भक्कम ठाणे आहे, पण मी पुन्हा चढाई करणार." रश्श्यातली तिखट मिरची चावली तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना म्हणाला, "मोठी हानी झाली, तरी मनोधैर्य उत्तम." मार्गित हसून हसून एप्रनमध्ये तोंड खुपसून बसली. गेझाने स्वतःची पांढरी वाइन त्याला ओतली, त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "या वाइनसमोर मी बिनशर्त शरण आहे." गेझाने त्याच्या पाठीत असा धपाटा मारला की त्याचा चष्मा रश्श्यात पडता पडता वाचला. त्या क्षणापासून गेझा त्याचा झाला. उलट्या व्यापाराचं नावही त्याने पुन्हा काढलं नाही.

बालिंत टेबलाच्या या टोकावरून फक्त एका चेहऱ्याकडे बघत होता. एतेल हसत नव्हती, पण तिचे ओठ मधूनमधून आत ओढले जात. शाळेत पोरांची चूक गोड वाटली की ती असंच करायची.

"आई-वडील काय करतात?" तिने विचारलं.

"आई पियानो शिकवते. वडिलांचा बिअरचा छोटा कारखाना आहे. हे पिंप त्यांनी स्वहस्ते भरून पाठवले, सदिच्छेचे प्रतीक म्हणून."

"द्राक्षाच्या खुडणीला बिअर," गेझा म्हणाला. "माझे आजोबा मळ्यात वाइन सोडून पाणीसुद्धा प्यायला देत नसत."

"पण ऊन आहे," मार्गित म्हणाली.

"ऊन आहे हे खरं," गेझाने लगेच मान्य केलं.

"आणि आमची बोरी तुला कशी सापडली?" एतेलने विचारलं.

"दाढ दुखत होती म्हणून आली होती." वेंडेलिनने काटा खाली ठेवला. इथे त्याचं पुस्तकी भांडार अपुरं पडत असावं, कारण तो जरा वेळ शब्द शोधत राहिला. "मी तिला म्हटलं, तोंड उघडा. तिने उघडलं आणि मग अर्धा तास मिटलंच नाही, दाढ काढेपर्यंत पुलाबद्दल सांगत होती. मला त्या पुलाचं काहीही कळलं नाही. पण ती गेल्यावर दवाखाना रिकामा वाटला. दुसऱ्या दिवशी मी हंगेरीच्या इतिहासाचं पहिलं पुस्तक विकत घेतलं."

बोरी लाल झाली. एतेलने स्वतःच्या ताटातला रेतेशचा मोठा तुकडा उचलला आणि त्याच्या ताटात ठेवला. बालिंतने टेबलाखाली मार्गितचा हात शोधून दाबला. एतेलने स्वतःच्या ताटातलं काही कुणाला दिल्याचं त्याला एकदाच आठवत होतं, तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

"गेझा," एतेल म्हणाली, "बालिंतला सांग, पोरगा बरा आहे."

आणि बालिंतच्या अंगावरून मणामणाचं ओझं उतरलं. तो इतका हलका झाला, की समोर काय चाललंय तिकडे त्याचं लक्षच राहिलं नाही. मार्गितने पिंपाची तोटी उघडली, पेले भरले, एक त्याच्यापुढे आला, त्याने उचललाही. वेंडेलिन उभा राहिला होता.

"मी दोन शब्द बोलू इच्छितो," तो म्हणाला. "मला भीती होती. माझे पूर्वज आणि आपले पूर्वज, हा विषय अवघड आहे. पण प्राध्यापक महाशयांच्या तिसऱ्या खंडातले सातवे प्रकरण वाचून माझी भीती गेली. त्यांनी निर्विवाद दाखवले आहे की बिअरच्या पेल्यांची ती कथा निराधार आहे. म्हणून आज एक ऑस्ट्रियन आणि एक हंगेरियन, मोकळ्या मनाने—"

आणि त्याने बिअरचा पेला टेबलावरून सरळ बालिंतच्या पेल्याकडे नेला.

 एतेलचा हात काठीकडे गेलेला बालिंतला दिसला. भिडवावा, तर ताई उठून टेकडी उतरणार आणि परत चढणार नाही. न भिडवावा, तर हे साधं पोर, ज्याने त्याच्या तळटिपा वाचल्या, सगळ्यांदेखत तोंडघशी पडणार, आणि सातव्या प्रकरणाखाली सही केलेला बालिंत बोदोरही. इतक्या सेनापतींवर त्याने लिहिलं होतं, की अमक्याने इथे चटकन निर्णय घ्यायला हवा होता. आता त्याला कळलं, की चटकन म्हणजे किती कमी वेळ असतो.

त्याने काही ठरवलं नाही. ठरवलं ते त्याच्या हाताने. वेंडेलिनचा पेला दोन बोटांवर आला आणि बालिंतचा उजवा हात झटक्याने मागे आला, पेल्यासकट छातीशी येऊन चिकटला. निम्मी बिअर त्याच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. वेंडेलिनचा पेला हवेतच राहिला.

 गांधीलमाश्या रेतेशवर बसत होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही. आणि मग टेबलाच्या त्या टोकाकडून एक बारीक, घशात अडकलेला आवाज यायला लागला. बालिंतला आधी वाटलं ताईला ठसका लागला. पण एतेल हसत होती. रुमाल डोक्यावरून मागे सरकला, डोळ्यांतून पाणी आलं, काठी हातातून गळून पडली, आणि तरी तिचं हसू थांबेना. मार्गितने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही हसायला लागली, मग गेझा, आणि हसायचं कशाला ते न कळूनसुद्धा शेवटी बोरी.

"गेझा," एतेल कशीबशी म्हणाली, "बालिंतला सां—" आणि तिने हात हलवला, गेझाला माशीसारखं बाजूला सारलं. "बालिंत. तुझा हात बघ."

आपलं नाव तिच्या तोंडून ऐकल्यावर त्याला क्षणभर हात कुठला तेच कळेना. मग त्याने खाली पाहिलं. पेला अजून छातीशी गच्च धरलेला होता.

"पुरावा नाही, ताई," तो म्हणाला.

"हो का? मग हा तिथे काय करतोय?"

"सवय आहे."

"सवय कुणी लावली?"

 वेंडेलिन अजून उभाच होता, कान लाल झालेले, पेला हातात. "प्राध्यापक महाशय," तो कळवळून म्हणाला, "सातवे प्रकरण..."

"बस बाळा," एतेल म्हणाली. "तू पुस्तक नीट वाचलंस. लेखकानेच वाचलेलं नाही."

बोरीने वेंडेलिनला ओढून खाली बसवलं. तो बसला, पण पेला खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

"मला ठाऊक आहे पुरावा नाही," एतेल म्हणाली. आता ती सरळ बालिंतकडे बघत होती आणि तिचं हसू ओसरत चाललं होतं. "मीही इतिहासच शिकवला ना? तू टीव्हीवर येण्याआधी दहा वर्षं मला ठाऊक होतं. तुला वाटतं मी त्यासाठी रुसले?"

"मग कशासाठी?"

"टीव्हीवरच्या त्या बाईने तुला विचारलं, ही गोष्ट मग आली कुठून? आणि तू हसलास आणि म्हणालास, गावाकडच्या बायका पोरांना सांगतात, तशातली." तिने रुमाल पुन्हा पुढे ओढला. "खेचराचं नाव दिलंस पुस्तकात. भटारखानेवाल्याचं दिलंस. आणि मी गावाकडच्या बायका."

बालिंतला आता ते वाक्य आठवलं. ते म्हणताना टीव्हीवरची बाई हसली होती आणि त्याला बरं वाटलं होतं, हेही आठवलं. इतकी वर्षं तो पुराव्याचं भांडण लढत होता. रोज मनात नवे मुद्दे रचायचा, ताईचे मुद्दे खोडून काढायचा, आणि ताई त्या मैदानावर आलीच नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की बिअरने भिजलेला सदरा बरा वाटला.

"ताई, मी चुकलो," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे. त्याचं काय करणार?"

"काय करू सांग."

"तळटीप दे."

गेझा फुस्सकन हसला. एतेल हसली नाही.

"पुढच्या आवृत्तीत—"

"पुढच्या आवृत्तीपर्यंत कोण जगतंय? आत्ता दे. तोंडी."

"तोंडी तळटीप नसते."

"तोंडी गोष्ट असते, तर तळटीप का नसेल?"

 बालिंत उठला. सदऱ्यावरून बिअर ठिबकत होती. अनेक देशांतल्या परिषदांत तो बोलला होता, पण अशा अवतारात कधीच नाही.

"तळटीप," तो म्हणाला आणि खाकरला. "सदर आख्यायिका लेखकाने प्रथम ऐकली ती एतेल बोदोर हिच्याकडून. स्थळ, हाच अक्रोड. काळ, खुडणीची दुपार. लेखकाचं वय सहा, पुढचे दोन दात पडलेले. कथन करणारीचं वय बारा."

"पोशाख?" मार्गितने विचारलं.

"निळा झगा. द्राक्षाच्या रसाने माखलेला."

"हिरवा," एतेल म्हणाली.

"हिरवा. दुरुस्ती मान्य. लेखकाने सरबताचा पेला वडिलांच्या बिअरच्या पेल्याला भिडवला होता, आणि वडील जेवण टाकून उठून गेले होते. ते का गेले ते लेखकाला कुणी सांगेना. तेव्हा कथन करणारीने त्याला झाडाखाली घेतलं, आपल्या ताटातला रेतेश दिला आणि तेरा सेनापतींची नावं एका दमात म्हणून दाखवली."  पुढचं त्याने ठरवलं नव्हतं, ते आपोआपच आलं. "आणि लेखकाने त्याच दुपारी ठरवलं, की मोठेपणी दुसरं काही करायचं नाही. बूट, भाकरी, डोन, सगळं तिथून निघालं. संदर्भ संपला."

 एतेल ताटाकडे बघत होती.

"हे कुठे छापलं नाहीस," ती म्हणाली.

"लाज वाटली. इतिहासकाराचा सगळा धंदा एका खोट्या गोष्टीतून निघाला, हे कसं छापायचं?"

"खोटी नाही," एतेल म्हणाली. "पुरावा नसलेली. दोन्हींत फरक असतो, प्राध्यापक. मी पाचवीच्या पोरांना शिकवायचे तो."

मग तिने त्याला आपल्या टोकाला बोलावलं आणि हात पुढे केला. बालिंतला वाटलं, तिला उठायला मदत हवी. पण तिने त्याच्या हातातला उरलेल्या बिअरचा पेला काढून घेतला, मातीत ओतला आणि गेझापुढे धरला. "वाइन भर. त्यालाही भर. आणि त्या पोरालाही, कधीचा पुतळ्यासारखा बसलाय."

गेझाने भरली. एतेलने बालिंतच्या डोळ्यांत बघून पेला त्याच्या पेल्याला भिडवला, इतक्या जोराने की दोघांच्याही मनगटांवर वाइन सांडली. तिचे डोळे आईसारखे होत चालले होते, हे त्याला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं.

वेंडेलिनने आधी एतेलकडे पाहिलं, मग बालिंतकडे, मग स्वतःच्या दोन हातांतल्या दोन पेल्यांकडे. एकात वाइन, एकात बिअर.

"क्षमा असावी," तो म्हणाला. "मला ताजे आदेश हवेत. बिअर भिडवायची की नाही भिडवायची?"

"नाही," सगळे एकदमच म्हणाले, आणि सगळ्यांत मोठा आवाज पुन्हा आपल्या टोकाला जाऊन बसलेल्या प्राध्यापक बालिंत बोदोरांचा होता.

"आणि हे पिंप लग्नात आणलंस," एतेल वेंडेलिनला बोट दाखवून म्हणाली, "तर मी चर्चच्या दारातूनच परत फिरेन, सांगून ठेवते."

वेंडेलिन गंभीरपणे मान डोलवत राहिला. दारातून परत फिरायला आधी दारापर्यंत यावं लागतं, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. बोरीच्या मात्र लगेच आलं, आणि ती खुर्ची मागे पाडून आत्याच्या गळ्यात जाऊन पडली.

"अगं, श्वास घेऊ दे," एतेल तिच्या केसांतून म्हणाली. "बालिंत, मीठ सरकव इकडे."

मीठ तिच्याच पुढ्यात होतं. बालिंतने उठून टेबलाला पूर्ण वळसा घातला, ते उचललं आणि तिच्या हातात दिलं.